टेकूची फेरमोजणी

माझ्या भावाला मी पहिल्यांदा मारलं ते एका मंगळवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. वेळ माझ्या लक्षात नव्हती. ती मला सरकारनं सांगितली.

त्या दिवशी मी आण्णाला भात भरवत होते. आण्णा म्हणजे इराण्णा वायचळ, माझा थोरला भाऊ, वय बावन्न. एकेकाळी तो इचलकरंजीतल्या चोवीस मागांच्या कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की मालक आधी त्याला हाक मारायचा, मग देवाला. चार वर्षांपूर्वी धावत्या मागातून धोटा सुटला आणि त्याच्या डाव्या कानशिलात बसला. धोटा म्हणजे आडव्या धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड. हाडं जुळली, माणूस जुळला नाही. वाचा गेली, उजवी बाजू ढिली पडली. डॉक्टर म्हणायचे, पायांत थोडी ताकद आहे, पण 'आता उठूया' हे त्याच्या मेंदूला सुचतच नाही. उठवायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी मी.

आणि दिवसातून दोन-तीनदा त्याला संताप यायचा. का, ते त्यालाही सांगता येत नसेल. डावा हात घणासारखा चालायचा, समोर जो असेल त्याच्यावर. समोर मीच असायची.

त्या मंगळवारी त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. ताटली भिंतीवर गेली. दात हलला आणि ओठातलं रक्त भातात पडलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तीन रात्री धड झोप नव्हती. आण्णा शांत होऊन खिडकीकडं तोंड करून बसला होता, जसं काही झालंच नाही. मी मागून गेले आणि त्याच्या पाठीत सगळ्या ताकदीनं तीन धपाटे घातले. तिसरा मानेवर बसला.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? हात झिणझिणत होता आणि मला बरं वाटत होतं. मग मोरीत जाऊन मी खूप रडले.

त्या वेळी आम्हा दोघांच्याही अंगावर टेकू होता.

टेकू हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदावर त्याला 'भारविभाजन पट्टी' म्हणतात. पूर्वी अपंगत्वाचे टक्के डॉक्टर डोळ्यांनी बघून ठरवायचे, आणि ते डोळे कुठं बघतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक पाय नसलेल्याला चाळीस टक्के, आणि ज्याचा मेहुणा कार्यालयात त्याला नव्वद. त्यावर उपाय म्हणून हे यंत्र आलं. चार पातळ पट्ट्या, दोन्ही मनगटांवर, पाठीच्या कण्यावर आणि मांडीवर. चार रुग्णाला, चार सांभाळणाऱ्याला. एकवीस दिवस काढायच्या नाहीत.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे, मलासुद्धा कळलं. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीकशी वीज खेळते. पट्टी ती वीज वाचते. दोन शरीरं एकमेकांना टेकली की दोघांवर सारखाच दाब येतो. मी आण्णाला उठवते तेव्हा जेवढं बळ माझ्याकडून त्याला लागतं, तेवढंच त्याच्याकडून मला लागतं. प्रश्न एवढाच, की ते बळ कुणाच्या स्नायूंनी तयार केलं. माझ्या स्नायूंत वीज उसळली आणि त्याचे सपाट राहिले, तर काम माझं. त्याचेही उसळले, तर तेवढं काम त्याचं. एकवीस दिवसांतल्या अशा हजारो स्पर्शांची बेरीज करून यंत्र सांगतं, हा माणूस दुसऱ्यावर किती टक्के जगतो. वशिला नाही, एजंट नाही. मला तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी माझे कष्ट मोजणार.

ऐंशी टक्क्यांच्या वर आलं की सांभाळणाऱ्याला घरी बसून भत्ता. ऐंशीच्या खाली आलं की भत्ता बंद, सांभाळणाऱ्यानं कामाला जायचं आणि रुग्णानं निवासी केंद्रात. मला टायफॉइड झाला तेव्हा आण्णा अकरा दिवस त्या केंद्रात राहिला होता. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांना, खाटेला बांधलेल्या सुती पट्ट्यांनी सोलून काढलेल्या जखमा होत्या, आणि पुढचे दोन महिने कुणी दिवा मालवला की तो कण्हायचा. त्याला परत तिथं पाठवायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी देवापुढं हात जोडून मागत होते.

मोजणी केंद्रातली मुलगी पुण्याकडची होती, तनुजा नावाची, वागायला चांगली. तिनं पडदा माझ्याकडं वळवला.

"एकाहत्तर आलेत, ताई."

मी पडद्याकडं बोट केलं. "त्याला उठता येत न्हाई, बसता येत न्हाई. धुण्यापुसण्यापासनं सगळं मीच करतोय. आणि एकाहत्तर?"

"तुमची मदत दिसतेय की. पण त्यांचा डावा हात फार चांगला चालतो. हे बघा, हे उंच उंच गेलेत ना, हे त्यांनी तुमच्यावर लावलेलं बळ. ते त्यांच्या क्षमतेत धरलं जातं. गुण तिथं गेलेत."

म्हणजे माझा हललेला दात त्याच्या धडधाकटपणाचा दाखला झाला होता.

"हा दिवस मात्र बघा," ती म्हणाली. "मंगळवार, चार वीस. लागोपाठ तीन झटके. पडता पडता सावरलंत का त्यांना?"

मी जिभेनं हलणारा दात चाचपला.

"पडणाऱ्याला धरायला क्षणात सगळा जोर लावावा लागतो, म्हणून अशा झटक्याला यंत्र सगळ्यात जास्त वजन देतं. आणि त्यांची रेषा बघा, एकदम सपाट. त्यांनी स्वतः काहीच केलं नाही, सगळं तुम्ही केलंत. त्या एका दिवसाचे ब्याण्णव आलेत."

"आणि ते मारणं असलं तर?" मी विचारलं.

तनुजानं माझ्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं, मग पडद्याकडं. "यंत्राला बळ कळतं, ताई. कशासाठी लावलं ते कळत नाही. तुम्हाला फेरमोजणी मागता येईल. एकदाच मिळते. टाकू अर्ज?"

मी 'टाका' म्हणाले.

आता आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. इथं माणसं मागावर जगतात, आणि मागाला मीटर असतो. किती कापड विणलं ते मीटर सांगतो, त्यावर पगार. त्यामुळं नवा मीटर आला की आमच्याकडं तो काय मोजतो हे कुणी विचारत नाही, तो कशानं फिरतो हे आधी बघतात. मालकानं कुलूपबंद मीटर आणले तर आठवड्यात कुणीतरी चाक हातानं फिरवायची वाट शोधायचा. त्यात कुणाला पाप वाटायचं नाही. मीही बारा वर्षं कारखान्यात कांड्या भरल्या आहेत, माझीही बुद्धी त्याच पाण्यावर वाढलेली. केंद्रातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मीटर कशानं फिरतो ते मला कळलं होतं. तो मीटर आण्णाच्या अंगावर चिकटवलाय, हे मी विसरले.

शेजारची हिराक्का दारातच उभी होती. तिची सासू गंगव्वा पाच वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला चौऱ्याहत्तर आले होते, फेरमोजणी व्हायची होती.

"किती आलं गं?"

"एकाहत्तर."

"मग आता?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण इतके दिवस कुणाशी बोललेच नव्हते. ती ऐकत राहिली. थू म्हणेल, मला शिव्या घालेल असं वाटलं होतं.

"म्हंजे मारल्यावर वाढतंय व्हय?" ती म्हणाली.

"वाढतंय."

हिराक्कानं पदरानं कपाळ पुसलं. "कुठं मारलेलं चालतंय?"

फेरमोजणीचे पहिले तीन दिवस मी मारलं नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून सांगते. मी आण्णाला उभं करायची, हात सोडायची आणि तो कलला की झडप घालून धरायची. खरं सावरणं. पण पडायला लागला की तो डाव्या हातानं माझा दंड घट्ट पकडायचा, आणि तेवढे गुण त्याच्या खात्यात जायचे. रोज संध्याकाळी सहाला मोबाइलवर आकडा यायचा. बहात्तर. सत्तर. बहात्तर.

चौथ्या दिवशी त्याला अंघोळ घालून, टॉवेल गुंडाळून बसवलं. पाठ माझ्याकडं होती. ओली होती. मी हात उगारला आणि खाली घेतला. पुन्हा उगारला. "आण्णा, तुझ्यासाठीच करतोय रं," असं म्हणाले आणि मारलं. ओल्या पाठीवरचा आवाज फार मोठा झाला. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी चुकलं असेल, ते काय, असं शोधत असल्यासारखा तो बघत होता. मी दुसरा मारला.

सहाला आकडा आला, त्र्याऐंशी.

पाचव्या दिवशी त्यानं उलट मारलं. माझ्या छातीत मूठ बसली, मी कपाटावर आदळले आणि श्वास कोंडून खाली बसले. त्या दिवशी पंच्याहत्तर. तेव्हा मला कळलं, की नुसतं मारून भागणार नाही, त्याचं उलट मारणं थांबवायला हवं. सहाव्या दिवशी तो डावी मूठ वळायला लागला तेव्हा मी लाटणं घेतलं आणि त्याच्या बोटांवर हाणलं. तो ओरडला. वाचा गेलेल्या माणसाचं ओरडणं मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मी परत हाणलं. करंगळी सुजून दुप्पट झाली. रात्री मी तिला हळद लावली आणि फुंकर घातली, आणि त्यानं लावू दिली.

मग तो अंदाज घ्यायला लागला. मी मागं गेले की पाठ ताठ करायचा. स्नायू ताठले की रेषा सपाट येत नाही. मारायचं तर बेसावध असताना. म्हणून मी वेळा बदलल्या. कधी तो दूध पीत असताना, कधी डुलकी लागल्यावर, एकदा तर टीव्हीवर मागांची जाहिरात बघून तो हसत होता तेव्हा. चार वर्षांत तो पहिल्यांदा हसत होता. मी ते बघितलं, आणि तरी मारलं, कारण हसताना माणूस सगळ्यात ढिला असतो. हे मी केलं आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

नवव्या दिवसापासून त्यानं डावा हात उचलणं सोडलं. संतापाचे झटके बंद झाले. मारलं की अंग सोडून द्यायचा, नुसता पडून राहायचा. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. मी रोज देवापुढं दिवा लावत होते आणि आकड्यासाठी आभार मानत होते.

गल्लीत एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. हिराक्कानं तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं कारखान्यातल्या बायकांना. आमच्या गल्लीत चोवीस तास मागांचा खडखडाट, कुणाच्या घरातलं रडणं बाहेर ऐकू येत नाही. पण पाच वाजले की दारं लागायला लागली. उकाड्यातसुद्धा लागायची. समोरच्या घरातला पोलिओवाला महादू खिडकीत बसायचा, तो खिडकीत दिसेनासा झाला. आम्ही बायका नळावर भेटलो की एकमेकींच्या हातांकडं बघायचो आणि पाण्याच्या वेळेबद्दल बोलायचो.

बाराव्या दिवशी हिराक्का वाटी घेऊन आली. वाटीत पेढे होते.

"ब्याण्णव आलं," ती म्हणाली.

"एकदम?"

"काल जरा जोरात झालं. मनगटाचं हाड सरकलंय म्हातारीचं." तिनं पेढा माझ्या हातावर ठेवला. "आता हातच हलवत न्हाई ती. बरंच झालं म्हणायचं, न्हाई का?"

मी पेढा खाल्ला. गोड होता.

तेराव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि मोरीतून पाण्याचा आवाज आला. वाटलं, नळ राहिला असेल. जाऊन बघते तर आण्णा. स्वतः उठून, भिंत धरून, उजवा पाय ओढत तो मोरीपर्यंत गेला होता. डाव्या हातानं तांब्या धरून अंगावर पाणी घेत होता. चार वर्षांत त्याला जे सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं होतं. मला पाहिलं आणि तांब्या हातातून निसटला. मग घाईघाईनं त्यानं टॉवेल ओढला आणि स्वतःच पाठ पुसायला लागला, हात पोचत नव्हता तरी. मी जवळ जायच्या आत त्याला सगळं आटपायचं होतं.

त्या संध्याकाळी एकोणऐंशी.

त्यानंतर तो माझ्या पावलांवर जगायला लागला. चूल पेटली की हा जागा होऊन बसलेला. ताट ठेवलं की हा डाव्या हातानं खायचा, सांडायचा, सांडलेलं वेचून खायचा, कारण सांडलं तर मी जवळ येणार. कपडे बदलायला अर्धा तास लागायचा, घामानं निथळायचा, पण शर्टाच्या बाहीत हात स्वतः घालायचा. मी खोलीत शिरले की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. उभा. त्याची पाठ मला मिळेना. आणि स्पर्शच झाला नाही तर यंत्र मोजणार काय? दिवसभरात स्पर्श नाही, म्हणजे मदत नाही, म्हणजे माणूस स्वावलंबी. चौऱ्याहत्तर. सदुसष्ट. साठ.

मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले, एकोणिसाव्या दिवशी. "आण्णा, मारत न्हाई रं आता. बस खाली. मला भरवू दे. दोन दिवस राहिल्यात, एवढं भरवू दे." तो ऐकत होता. मला वाटलं, कळलं. मी घास घेऊन हात पुढं केला आणि त्यानं डोळे मिटून मान खांद्यात घातली. घास तसाच माझ्या हातात राहिला.

एकविसाव्या दिवशी दुपारी मोरीत धाडकन आवाज झाला. पळत गेले. आण्णा फरशीवर आडवा पडला होता, भुवई फुटली होती, रक्त पाण्यातून मोरीच्या भोकाकडं चाललं होतं. आणि तो गप्प होता. ओठ दाताखाली दाबून धरले होते, आवाज होऊ नये म्हणून. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आण्णा, थांब. मी उचलतो."

हे खरं उचलणं होतं. मीटर-बीटर माझ्या डोक्यात नव्हता, आईशपथ. त्याला टेकू द्यायला मी दोन्ही हात पुढं केले. त्यानं माझे हात बघितले. डाव्या हातानं नळाची तोटी पकडली, गुडघा फरशीवर घासत आत घेतला, आणि उठायला लागला. दोनदा घसरला. तोंड पुन्हा फरशीवर आपटलं. तिसऱ्यांदा उभा राहिला, रक्त डोळ्यात उतरलेलं, सगळं अंग कापत, आणि नजर एक क्षणही माझ्या हातांवरून न हलवता. मी हात मागं घेतले. मग पाठीमागं लपवले. तेव्हा कुठं तो भिंत धरून माझ्या बाजूनं बाहेर गेला, अंग चोरून, मला लागू न देता.

सहाला आकडा आला, एकोणसाठ. एकवीस दिवसांचे मिळून ऐंशीच्या खालीच राहिले.

केंद्रात तनुजानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती खूश होती.

"ताई, मी असा आलेख कधी बघितला नाही. शेवटच्या नऊ दिवसांत किती सुधारणा आहे बघा. उठणं, अंघोळ, जेवण, सगळं स्वतः. तुम्ही फार मेहनत घेतलीत त्यांच्यावर."

"मी मारलंय त्याला," मी म्हणाले.

बाहेर रांगेत आमच्या गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या, त्यांच्याकडं तिची नजर गेली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे मी लिहिलं तर पोलीस येतील. आणि तुमचे भाऊ तरीही निवासी केंद्रातच जातील. आकडा बदलत नाही, ताई."

"लिही," मी म्हणाले. तिनं लिहिलं की नाही, मला माहीत नाही. पोलीस अजून आलेले नाहीत.

सोमवारी सकाळी निवासी केंद्राची पांढरी गाडी गल्लीत आली. मी आण्णाचे कपडे पिशवीत भरले होते. कागदावर लिहून चिकटवलं होतं, की दिवा मालवू नका, हात बांधू नका. गाडीतल्या माणसानं फळी लावली आणि मला म्हणाला, "मावशी, एक बाजू तुम्ही धरा."

धरायची गरज पडली नाही. कुठली गाडी आहे ते आण्णानं ओळखलं होतं, दारावरचं चिन्ह बघून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो तिथंच थांबला. गाडीकडं बघितलं, वळून माझ्याकडं बघितलं. मी पिशवी द्यायला एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात तो भराभरा फळीवरून चढला, आत जाऊन बसला, आणि डावा हात लांब करून गाडीचं दार त्यानं स्वतःच ओढून घेतलं.